लिहून बघा ना!

पेनांच्या प्रदर्शनात आलेला माणूस हातात घेतलेलं पेन आधी हुंगतो. ऐकीव नाही, डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय. इस्त्रीचा शर्ट घातलेले, साठीच्या पुढचे एक गृहस्थ टेबलावरचं काळं जाडजूड पेन उचलतात, आटे फिरवून टोपण काढतात आणि टोपणात नाक खुपसून डोळे मिटतात. शेजारी उभा असलेला तरुण आपली पाळी येईपर्यंत अदबीनं थांबतो. मग तोही हुंगतो. दोघं एकमेकांकडे बघून मान डोलावतात.

"एबोनाइट."

"अस्सल."

बाहेर कुणी असं वागलं तर घरचे गुपचूप डॉक्टर शोधायला लागतील. इथे मात्र त्याला शास्त्राचा आधार आहे. रबरात भरपूर गंधक घालून ते तापवलं की एबोनाइट होतं. कडक, हलकं, हाताला उबदार लागणारं. लेथवर कातताना, किंवा नुसतं तळहातावर जोरानं घासलं तरी, त्याला गंधकाचा वास येतो. वास चांगला असतो असं नाही. पण ज्यांच्या दप्तरात एके काळी तसलं पेन होतं, त्यांना तो वास थेट पाचवीच्या वर्गात नेऊन बसवतो आणि तिथून लवकर सोडत नाही.

पलीकडच्या टेबलावर दुसरा वास. १९३० आणि ४० च्या दशकांतली बरीच परदेशी पेनं सेल्युलॉइडची असत आणि सेल्युलॉइड करायला कापूर लागतो. इतकी वर्षं बंद राहिलेलं टोपण उघडलं की आतून कापराचा दरवळ येतो. मराठी माणसाचे हात अशा वेळी आपोआप जोडले जायचेच. फक्त ही आरती अर्ध्यावर थांबवावी लागते, कारण सेल्युलॉइड भुरुभुरु पेटतं.

प्रदर्शन पुण्यात होतं. एरवी साखरपुडे आणि बारशी होतात तसल्या एका हॉलमध्ये. स्टेजवर रुखवताच्या जागी जुन्या दौती मांडल्या होत्या. दारात नाव-पत्ता लिहायला नोंदवही होती आणि तिला दोऱ्यानं बॉलपेन बांधलं होतं. आत हजारो शाईपेनं, खिशाला दोन-दोन पेनं लावून आलेले शेकडो लोक, आणि सगळे मुकाट्यानं त्या बॉलपेननं सही करून आत जात होते. मीही गेलो. स्वतःचं पेन अनोळखी माणसाच्या हाती द्यायचं नाही हा या मंडळींचा पहिला नियम असावा, आणि तो नोंदवही ठेवणाऱ्यांनाही ठाऊक असावा.

आमच्या वयाचे बहुतेक लोक हिरो पेन बघायला आले होते. शांघायचं हिरो: सोनेरी टोपण, बाणासारखी क्लिप, आणि निब जवळजवळ सगळी झाकलेली, फक्त टोक बाहेर. परदेशी मालावर बंधनं होती त्या काळात ते कुठून येतं हे कुणी विचारत नसे. मामानं आणलं, एवढं पुरे असे. ज्याच्या खिशाला हिरो, तो वर्गात मॉनिटर नसला तरी मॉनिटरसारखा चालायचा. मूळ घडण अमेरिकेतल्या पार्कर ५१ ची. ते पेन १९४१ मध्ये बाजारात आलं. निब झाकली की टोकाशी शाई वाळत नाही, ही त्यातली युक्ती. हिरो हे त्याचाच चेहरा घेऊन आलेलं. पण आमच्या पिढीचा क्रम उलटा. मी पहिल्यांदा पार्कर ५१ पाहिलं तेव्हा मनात आलं, अरे, हे तर हिरोसारखं दिसतंय! टेबलामागच्या माणसाला मी हे बोलून दाखवलं नाही. त्या पेनाच्या शेजारी ठेवलेल्या किमतीच्या चिठ्ठीकडे बघूनच तोंड बंद ठेवलं.

शाळेच्या आठवणी इथे कुणालाही कुठूनही सुरू करता येतात. पेन्सिल सुटून शाईचं पेन हातात येणं ही त्या काळातली मुंजच होती. बॉलपेननं अक्षर बिघडतं, असा सगळ्या मास्तरांचा ठाम सिद्धांत. मग निबेत अडकलेला केस काढायला ब्लेड, सांडलेली शाई शोषायला खडू, आणि ऐन परीक्षेत पेन संपलं की शेजाऱ्याकडे दोन थेंबांची याचना. थेंब मोजून दिले-घेतले जात. उसनी शाई परत केल्याची नोंद मात्र महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेत सापडणार नाही.

एका टेबलाशी मोठं कोंडाळं होतं. मधोमध सरकारी खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ बसले होते. विकायला काही आणलं नव्हतं. नुसतं दाखवायला आणि सांगायला आले होते, आणि सांगण्याचा आवेश असा की दाखवायचं पुष्कळदा राहूनच जात होतं. कुणीतरी वॉटरमनची गोष्ट काढली. लुइस वॉटरमन हा न्यूयॉर्कचा विमा एजंट. मोठ्या करारावर सही घेताना पेन गळलं, कागद खराब झाला, दुसरा कागद आणेपर्यंत गिऱ्हाईक दुसऱ्यानं पळवलं, म्हणून त्यानं चिडून न गळणारं पेन शोधून काढलं. गोष्ट छान आहे. सांगणारा शेवटाला येईपर्यंत काका शांत होते.

"झाली?" त्यांनी विचारलं. "ही गोष्ट कंपनीच्या जाहिरातींनी मागाहून पसरवली. त्या वेळच्या कागदपत्रांत तिचा मागमूस नाही."

"मग खरी गोष्ट कोणती, काका?"

"खरी कंटाळवाणी आहे. तुम्ही ऐकणार नाही."

पण त्यांनी ऐकवलीच, आणि मला तरी ती कंटाळवाणी वाटली नाही. पेनातून शाई खाली उतरते तेव्हा तेवढीच हवा वर जावी लागते. हवा गेली नाही तर शाई अडून बसते आणि माणूस पेन झटकत राहतो. हवा एकदम शिरली तर शाई भळकन कागदावर. निबेच्या पोटाखाली जी जीभ असते, तिच्यात वॉटरमननं बारीक चिरा दिल्या, त्यातून शाई हळूहळू खाली आणि हवा हळूहळू वर, असं येणंजाणं सुरळीत झालं. १८८४ मध्ये त्याला त्याचं पेटंट मिळालं. आज कितीही महाग पेन घ्या, तत्त्व तेच. "म्हणून ड्रॉपरनं शाई भरायचं पेन उन्हाळ्यात अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही," काकांनी बजावलं. "तुमच्या तळव्याच्या उबेनं आतली हवा फुगते, आणि शाईला ढकलते. मग ठिपका पडतो आणि तुम्ही पेनाला नावं ठेवता. गरम तुम्ही, दोष पेनाचा!"

गर्दीतल्या एका बाईंनी शेजारच्या आपल्या यजमानांकडे असं काही बघितलं, की या वाक्याचा उपयोग पेनांपुरता राहणार नाही हे उघड झालं.

राजमहेंद्रीहून आलेल्या एका पेनवाल्यांचं टेबल खिडकीपाशी होतं. गोदावरी आपल्या नाशिकला जन्मते आणि समुद्राला मिळण्याआधी ज्या मोठ्या गावाला वळसा घालते ते राजमहेंद्री, एवढ्यानंच मला ते अर्धे नात्यातले वाटायला लागले. त्यांची पेनं साधी होती. काळी, तपकिरी, हिरवट नक्षीची, सगळी हातानं लेथवर कातलेली. या गावच्या पेनांचा इतिहास के. व्ही. रत्नम यांच्यापासून सुरू होतो. सोनारकाम करणारे रत्नम स्वदेशीच्या ओढीनं पेनं बनवायला लागले. त्यांचं एक पेन जे. सी. कुमारप्पांमार्फत गांधीजींकडे पोचलं. कुमारप्पा तेव्हा ग्रामोद्योग संघाचं काम बघत, आणि संघाचं ठाणं आपल्या वर्ध्याला. जुलै १९३५ मध्ये गांधीजींनी वर्ध्याहून रत्नम यांना पोचपावती धाडली: पेन वापरून पाहिलं, बाजारात मिळणाऱ्या परदेशी पेनांना हा चांगला पर्याय दिसतो, अशा अर्थाची. जाहिरातीचा एकही शब्द नाही, आणि तरी नव्वद वर्षं पुरलेलं प्रशस्तिपत्र.

आता दुसरं टोक. २००९ मध्ये माँ ब्लाँ या कंपनीनं गांधीजींच्या नावानं एक पेन काढलं. २४१ नग, कारण दांडीयात्रा २४१ मैलांची. सुताची आठवण म्हणून त्यावर सोन्याची तार गुंडाळलेली, निबेवर चालणाऱ्या गांधीजींची आकृती. किंमत अकरा लाखांवर. प्रकरण केरळ उच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि भारतातली विक्री थांबली. ते पेन मी पाहिलेलं नाही आणि पाहायचीही इच्छा नाही. हिशेबानं मात्र चक्रावून जातो: चालायचं मैलांनी आणि विकायचं नगांनी! गांधीजींचं स्वतःचं पेनांशी नातं फार सरळ होतं. 'हिंद स्वराज' त्यांनी १९०९ मध्ये बोटीवर, बोटीच्याच कागदांवर लिहिलं, आणि उजवा हात दुखायला लागला तेव्हा डाव्या हातानं लिहीत राहिले. पेन बदलावं असं काही त्यांच्या मनात आलं नसेल. हात बदलला. आत्मकथेत त्यांनी एका गोष्टीची खंत मात्र मोकळेपणानं लिहून ठेवली आहे, ती स्वतःच्या अक्षराची. वाईट अक्षर ही अपुऱ्या शिक्षणाची खूण मानली पाहिजे, असं त्यांचं मत. अकरा लाखांच्या निबेनंही त्यावर इलाज झाला नसता.

शाईच्या टेबलाशी एक मुलगी होती. आयटीत नोकरी करते म्हणाली, आणि तिच्यापुढे बाटल्याच बाटल्या. आमच्या लहानपणी शाईचा कारभार सुटसुटीत होता. निळी, काळी आणि निळी-काळी जनतेची, लाल मास्तरांची, हिरवी राजपत्रित अधिकाऱ्यांची. हिरव्या शाईची सही मिळवायला तालुक्याच्या कचेरीत दिवसभर बसलेले लोक मला माहीत आहेत. त्याच्याही मागच्या पिढीला बाटलीदेखील चैन होती. गिरगावात १९३१ साली दांडेकर बंधूंनी शाईचा धंदा सुरू केला तो पुडीनं आणि वड्यांनी. हॉर्स ब्रँडची शाई घरी आणायची, पाण्यात कालवायची, लिहायला बसायचं. पुढे घोड्याचा उंट झाला आणि कॅम्लिन नाव घरोघर गेलं. आज ती कंपनी जपानी कोकुयोच्या छत्राखाली आहे, आणि इथल्या मुलीच्या टेबलावर अर्ध्या बाटल्या जपानी. एकीचं नाव चांदणी रात्र, दुसरीचं रानद्राक्षं, तिसरीचं बांबूचा कोळसा. कोलकत्याची सुलेखाही दिसली. ही १९३४ सालची स्वदेशी शाई, मध्ये बरीच वर्षं गप्प होती, २०२० मध्ये पुन्हा बाजारात आली.

"काका, तुम्हाला शेडिंग आवडतं की शीन?" तिनं विचारलं.

शेडिंग म्हणजे एकाच अक्षरात कुठे गडद, कुठे फिकी उतरलेली शाई. शीन म्हणजे निळ्या शाईवर तिरक्या उजेडात चमकणारी लाल झाक. दोन्ही तिनं कागद हलवून दाखवलं आणि दोन्ही खरंच सुंदर होतं.

"मला धुतल्यावर निघणारी आवडते," मी म्हणालो.

ती हसली, पण माझा गट तिच्या मनात पक्का झाला असणार.

एवढा वेळ मी एक गोष्ट टाळत होतो. प्रत्येक टेबलावर पेनांबरोबर एक कागदांची चवड ठेवलेली होती, आणि कुठलंही पेन उचललं की टेबलामागून एकच आग्रह: "लिहून बघा ना!" राजमहेंद्रीवाले हिंदीत म्हणत, "सर, लिखके देखो." आणि इथेच घोळ होता. काय लिहू?

मी इतरांचे कागद चाळायला लागलो. हे थोडं दुसऱ्याची पत्रं वाचल्यासारखं असलं तरी तिथे परवानगी असावी. वयस्क मराठी माणूस कागदाच्या मध्यभागी वर 'श्री' लिहितो, विकायच्या पेनानं, विकणाऱ्याच्या कागदावर, तरीही. मग स्वतःचं संपूर्ण नाव. मग सही. ती एकदा करून भागत नाही, तीनदा करावी लागते, आणि तिन्ही एकमेकींशी जुळत नाहीत. एकानं घराचा पत्ता पिनकोडसकट लिहिला होता. तरुण मंडळी आडव्या आठच्या आकड्यांची न संपणारी साखळी काढतात, त्यात म्हणे निब सगळ्या दिशांना फिरते. मग ते इंग्रजीतलं कोल्ह्या-कुत्र्याचं वाक्य, ज्यात सगळी अक्षरं येतात. एका लहान मुलानं 'आई' लिहून त्याखाली रेघ मारली होती. एकानं प्रामाणिकपणे 'काय लिहू' एवढंच लिहिलं होतं. एका कागदावर मात्र सुंदर, दाणेदार अक्षरात होतं: दूध, कोथिंबीर, गॅसवाल्याला फोन. हॉलमधल्या शेकडो कागदांत कामाचा मजकूर मला दिसला तो एवढाच, आणि त्या बाई तो कागद तिथेच विसरून गेल्या होत्या.

बाहेर पडल्यावर याचा विनोद करता आला असता. हजारो रुपयांची पेनं, लाखांची चर्चा, आणि लिहायला कुणाकडे काही नाही! माझ्या एका मित्रानं दुसऱ्या दिवशी अगदी हेच म्हणून दाखवलं. त्याचं म्हणणं, हा नाद म्हणजे पाणी नसलेल्या गावात नळाच्या तोट्या गोळा करणं. वाक्य चांगलं होतं, म्हणून मी थोडा वेळ गप्प बसलो. पण पटलं नाही.

कारण लिहायला काही असल्याशिवाय लिहू नये, हा नियम कधीचा? आम्ही शाळेत कित्ता गिरवला तेव्हा आम्हाला काय सांगायचं होतं? 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य दहा-दहा ओळी घोटलेल्या वहीवर वडिलांची खोटी सही ठोकून ती मास्तरांना दिलेली मुलं आमच्या वर्गात होती, आणि त्यांचं अक्षर उत्तम होतं. अर्थाचा तिथे संबंधच नव्हता. वेलांटी कुठून वळते, उकार किती खाली उतरतो, 'ळ' ची दोन पोटं सारखी येतात का, हा सगळा खेळ होता. आता दिवसभर अंगठ्यांनी जे लिहितो त्यातला शब्दन् शब्द कामाचा असतो: हो, नाही, पोचलो, पैसे पाठवले, लिंक चालत नाही. इतक्या कामाच्या मजकुरानंतर माणसाला आपलं नाव वळणदार अक्षरात तीनदा लिहावंसं वाटलं, तर त्याला रिकामटेकडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि या नादाला पाठिंबा फार वरून आहे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास समर्थांनी लेखनक्रियेला दिलेला आहे. अक्षर वाटोळं, सरळ, मोकळं असावं, ओळी काळ्याभोर आणि नीट चालाव्यात, ग्रंथाचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर एकाच हातचं, एकाच टाकाचं वाटावं. बारीक अक्षराची तरुणपणची हौस म्हातारपणी उपयोगी पडत नाही, असंही बजावलं आहे. जपानी निबा युरोपी निबांहून एक पायरी बारीक असतात, कारण त्यांच्या लिपीत एवढ्याशा जागेत रेघांची दाटी होते. त्या घेण्यासाठी झुंबड करणाऱ्या पोरांना मी समर्थांचा हा इशारा सांगायला हवा होता. पण खरी मजा पुढे आहे. साहित्याच्या यादीत समर्थ सांगतात की देशोदेशीचे बोरू आणावेत, घट्ट, बारीक, सरळ, आणि वेगवेगळ्या रंगांचेसुद्धा. टाक तोडायची हत्यारं, रेघा आखायची साधनं नाना प्रकारची असावीत. हिंगूळ संग्रही असावा. शाईचाही संग्रह करून ठेवावा. वाचता वाचता मी थबकलो. वैराग्याचा उपदेश करणारा, झोळी घेऊन फिरणारा माणूस, आणि बोरू मात्र एका देशाचा चालत नाही, नाना देशांचे हवेत, त्यातही रंग वेगवेगळे! बोरूला रंग कशाला लागतो? लिहिताना त्याचा काडीचा उपयोग नाही. तरी हवा. हॉलमधला प्रत्येक माणूस हे वाचून गहिवरला असता. आणि या सगळ्यानं लिहायचं काय, त्या मजकुराची चौकशी समर्थांनी तिथे फारशी केलेली नाही.

एवढा शास्त्राधार मिळाल्यावर खरेदी ओघानंच आली. राजमहेंद्रीवाल्यांकडचं एक तपकिरी-काळं एबोनाइटचं पेन मी घेतलं. हुंगून घेतलं, हे वेगळं सांगायला नको. घासाघीस करायची फार इच्छा होती, पण किंमत इतकी वाजवी होती की पुण्याची लाज राखण्यापुरते पन्नास रुपये कमी करा म्हणालो. त्यांनी पन्नास कमी केले आणि दोन ड्रॉपर फुकट दिले. यापुढे मला काही सुचलं नाही.

निब जरा जाड चालत होती. तर म्हणाले, तिकडे कोपऱ्यात जा, तो मुलगा निब घासून देतो.

कोपऱ्यात रांग होती. मुलगा पंचविशीचा असेल. डोळ्याला भिंग, समोर पाण्याची वाटी, बोटाएवढे पॉलिश कागदाचे तुकडे आणि छोटासा दिवा. प्रत्येकाच्या निबेचं टोक तो भिंगातून असं निरखत होता की समोरचा माणूस निकाल लागायची वाट बघितल्यासारखा उभा. निबेच्या टोकाला जो कडक धातूचा कण असतो त्याला सगळे अजूनही इरिडियम म्हणतात. आता त्यात बहुधा इरिडियम नसतंच, ऑस्मियम-रुथेनियमसारखी दुसरी मंडळी असतात. पण कणाच्या घडणीवर सगळं अवलंबून. गोल असेल तर रेघ सगळीकडे सारखी. सपाट, तिरका घासला तर उभी रेघ वेगळी, आडवी वेगळी, आणि अक्षराला एकदम चेहरा येतो.

"मराठी लिहिणार की इंग्रजी?" त्यानं पहिलाच प्रश्न टाकला.

हा प्रश्न मला आजवर कुठल्याही दुकानात कुणी विचारला नव्हता. पण त्याला कारण आहे. देवनागरीसाठी बोरू ज्या बाजूनं तिरका तासतात ती बाजू रोमन लिपीच्या बरोबर उलटी. सगळ्या जगाची तिरकी निब इंग्रजीच्या सोयीची, मराठी लिहायला बसलं की जिथे रेघ भरायला हवी तिथे ती सुकते. म्हणून हा मुलगा आधी भाषा विचारतो.

"मराठी," मी म्हणालो, आणि उगीचच ताठ उभा राहिलो.

"मग लिहा काहीतरी. तुमचा हात बघू दे."

मी आता कच्चा उरलो नव्हतो. 'श्री' घातलं, नाव लिहिलं, सही केली. त्यानं मजकुराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. माझी बोटं, पेनाचा कल, मनगट टेकतं की नाही, एवढंच बघत होता. मग निब ओली केली, कागदावर काही वेळा हलकेच फिरवली, भिंगातून पाहिली, पुन्हा फिरवली. काळपट पाणी पुसलं. "आता लिहा. सही नको. सहीत माणूस घाई करतो. सावकाश काहीतरी लिहा."

मी 'अ' काढला. उभा दंड चांगला भरला, आणि डावीकडचं वळण निमुळतं होत गेलं. असा 'अ' मी काढू शकतो हे मला ठाऊक नव्हतं. म्हणून 'आ' काढला. मग इ, ई. ऋ जरा फसला म्हणून पुन्हा काढला. तो मुलगा काही बोलेना, फक्त मधूनच पेन घेऊन दोन घासे द्यायचा आणि परत करायचा. क, ख, ग, घ. ङ कधी लिहिला होता कोण जाणे, पण तोही काढला, वगळलं तर बरं दिसलं नसतं. ठ ला आलो तेव्हा मागून कुणीतरी खाकरलं.

"अहो, ज्ञ पर्यंत जाणार का?"

मागे वळून पाहिलं. मघाचे हुंगणारे गृहस्थ. हातात पेन, टोपण काढून तयार.

"अर्ध्यात सोडू का आता?" मी म्हणालो.

त्यांनी माझ्या खांद्यावरून वाकून कागद पाहिला. बराच वेळ पाहिला.

"ढ च्या गाठीला जपा," ते म्हणाले. "तिथे घाई करू नका. आम्ही आहोत."